नेटवर्क सेन्सर मॉनिटरिंग सिस्टीमला एक्सपान्शन मॉड्यूल कसं जोडायचं

मुख्य युनिटवरचे सगळे पोर्ट भरले आहेत आणि अजून चार तापमानं, दोन दारं आणि पाणीगळती ओळखणारी एक दोरी जोडायची आहे, अशी वेळ आली की एक्सपान्शन मॉड्यूल लागतं. मॉड्यूल म्हणजे जास्तीच्या टर्मिनलांची पेटी. तिला स्वतःची अक्कल बेताचीच असते. सेन्सर वाचायचा आणि मुख्य युनिटने विचारलं की आकडा सांगायचा, एवढंच तिचं काम. नेटवर्कवर बोलणं, नोंदी साठवणं, अलार्म पाठवणं हे सगळं मुख्य युनिटच करतं.

मॉड्यूल रेलवर बसवून स्क्रू आवळायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो स्क्रीनवरचा आकडा त्याच जागेचा आहे आणि आत्ताचा आहे, याची खात्री करण्यात. नवखी माणसं नेमका हाच भाग उरकून टाकतात. पूर्ण बंद पडलेलं मॉड्यूल कुणाच्याही लगेच लक्षात येतं, पण चुकीचा आणि तरीही पटेल असा आकडा दाखवणारं मॉड्यूल कित्येक महिने बिनबोभाट चालत राहतं. त्यामुळे या लेखात जोडणीपेक्षा तपासणीला जास्त जागा दिली आहे.

विकत घेण्याआधी

पहिला प्रश्न: तुमच्या मुख्य युनिटला मॉड्यूल जोडलं जातं कसं? ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. एकात मॉड्यूल मुख्य युनिटच्या कुशीला चिकटून बसतं आणि बाजूच्या पिनांमधूनच त्याला पॉवर आणि डेटा मिळतो. दुसऱ्यात ते लांब बसतं आणि केबलने जोडलं जातं. ही केबल बहुतेक वेळा आरएस-४८५ची (एकाच वायरींच्या जोडीवर अनेक उपकरणं जोडायची पद्धत) असते आणि तिच्यावर मॉडबस ही भाषा चालते. काही कंपन्या मात्र स्वतःची वेगळी भाषा वापरतात आणि त्यासाठी आरजे-४५ सॉकेट देतात. हे सॉकेट दिसायला हुबेहूब इथरनेटसारखं असतं, पण ते इथरनेट नसतं. अशा पोर्टची केबल पॉवर पुरवणाऱ्या नेटवर्क स्विचमध्ये चुकून खुपसू नका. नीट बनवलेला स्विच समोरचं उपकरण ओळखल्याशिवाय पॉवर सोडत नाही, पण साधे इंजेक्टर, म्हणजे नेटवर्क केबलमध्ये पॉवर घालणाऱ्या डब्या, ओळख न पटवताच व्होल्टेज देऊन मोकळे होतात आणि मॉड्यूलचा पोर्ट जळू शकतो. सेन्सर बससाठी, म्हणजे मुख्य युनिट आणि मॉड्यूलं यांना जोडणाऱ्या तारेसाठी, वेगळ्या रंगाची केबल वापरली तर ही भानगड बरीचशी टळते.

दुसरा प्रश्न फर्मवेअरचा, म्हणजे युनिटच्या आत भरलेल्या सॉफ्टवेअरचा. नवीन मॉड्यूल जुन्या फर्मवेअरला ओळखू येईलच असं नाही. मुख्य युनिटच्या सेटिंगमध्ये फर्मवेअरचा आकडा बघा आणि मॉड्यूलच्या माहितीपत्रकात किमान कोणतं व्हर्जन लागतं ते ताडून पाहा. अपडेट लागत असेल तर ते मॉड्यूल बसवायच्या दिवशी करू नका, आधी करून दोन-चार दिवस चालू द्या. दोन्ही एकदम केलं आणि काही बिघडलं, तर दोष कुणाचा हे शोधत बसावं लागतं. काही सिस्टीममध्ये सेन्सरांच्या संख्येवर लायसन्सची मर्यादाही असते, तीही तपासून घ्या.

तिसरा प्रश्न पॉवरचा, आणि इथे कागदावर थोडं गणित मांडावंच लागतं. मुख्य युनिट इथरनेट केबलवरच चालत असेल तर ८०२.३एएफ मानकाप्रमाणे स्विच पोर्टला १५.४ वॉट देतो, पण केबलमधली गळती धरून उपकरणापर्यंत १२.९५ वॉटचीच हमी असते. समजा, मुख्य युनिट ६ वॉट घेतं, आधीचं एक मॉड्यूल २ वॉट आणि त्यावरचे सेन्सर मिळून ३ वॉट. झाले ११. नवीन मॉड्यूल सेन्सरांसकट ३ वॉट घेणार असेल तर मामला हातचा गेला. त्याला वेगळा पॉवर सप्लाय द्यावा लागेल.

लांबच्या मॉड्यूलला २४ व्होल्ट न्यायचे असतील तर वायरमधली घटही धरा. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०३६ ओहम असतो. ५० मीटरवर मॉड्यूल असेल तर जायची आणि यायची मिळून १०० मीटर वायर, म्हणजे ३.६ ओहम. अर्धा अँपिअर वाहिला की १.८ व्होल्ट वाटेतच संपतात. २४ मधून एवढे गेले तर चालतं, पण १२ व्होल्टच्या सप्लायला तेच जड जातं. मॉड्यूल एरवी नीट चालतं आणि रिले (विजेने हलणारा स्विच) ओढला की रिस्टार्ट होतं, ही तक्रार आली की आधी टर्मिनलवरचं व्होल्टेज मोजावं.

काम सुरू करण्याआधी

सध्याच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्या आणि ती फाइल मुख्य युनिटच्या बाहेर, दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवा. शिवाय सध्याच्या सेन्सरांची यादी आणि त्यांचे आकडे दिसतील असा स्क्रीनशॉट काढा. काम झाल्यावर जुना एखादा सेन्सर गायब झालाय का किंवा त्याची जागा बदलली आहे का, हे या स्क्रीनशॉटवरून मिनिटभरात कळतं.

मग ज्यांना अलार्म जातात त्या सगळ्यांना कळवा. पॉवर बंद केल्यावर मेसेजांचा पाऊस पडतो, आणि एकदा खोटे अलार्म आले की पुढच्या खऱ्या अलार्मकडेही लोक काणाडोळा करतात. सिस्टीममध्ये मेंटेनन्स मोड असेल तर तो चालू करा. तो किती वाजता आपोआप संपणार हेही ठरवून टाका, कारण हाताने बंद करायचा राहिलेला मेंटेनन्स मोड फार महागात पडतो. त्या जागेत औषधं, लसी किंवा तापमानाला नाजूक असं काही असेल तर काम चालू असताना तिथे स्वतंत्र थर्मामीटर ठेवून हाताने नोंद घ्या. बहुतेक लसी २ ते ८ अंशांतच ठेवायच्या असतात, त्यामुळे तासाभराचं अंधारात राहणंही तिथे परवडत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. टर्मिनलच्या खाचेत नेमका बसणारा बारीक स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलायचा स्ट्रिपर, फेरुल (वायरच्या टोकावर बसवायची धातूची बारीक नळी) आणि ते दाबायचा क्रिम्पर, मल्टीमीटर, लेबलं, आणि अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडणारा मनगटी पट्टा. क्रिम्पर नसेल तर फेरुल पक्कडीने चेपू नका. त्यापेक्षा वायरचे तंतू नीट पिळून सरळ टर्मिनलमध्ये घातलेले बरे. तंतूंना कथील मात्र लावू नका. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू सरकतं आणि जोड ढिला पडतो.

ॲड्रेस आधी, जोडणी नंतर

एका आरएस-४८५ तारेवरच्या प्रत्येक मॉड्यूलला वेगळा ॲड्रेस असावा लागतो. मॉडबसमध्ये १ ते २४७ हे ॲड्रेस चालतात. नवी मॉड्यूलं बहुतेक वेळा १ हा ॲड्रेस घेऊनच येतात, आणि तारेवर १ नंबरचं कुणीतरी आधीच बसलेलं असतं. मग हजेरी घेताना एकाच नंबरला दोन पोरांनी ‘हजर’ म्हणावं तसं होतं. दोघांची उत्तरं एकमेकांत मिसळतात, आणि नवीन मॉड्यूल तर दिसत नाहीच, आधी नीट चालणारं जुनंही मध्येच गायब होतं. म्हणून तारेला हात लावण्याआधीच ॲड्रेस बदला.

ॲड्रेस डिप स्विचने, म्हणजे मॉड्यूलवरच्या बारीक स्विचांच्या रांगेने, ठरत असेल तर प्रत्येक स्विचची किंमत १, २, ४, ८, १६ अशी दुप्पट होत जाते. १३ हवा असेल तर ८, ४ आणि १ चे स्विच चालू करायचे. पहिला स्विच १ चा की सगळ्यांत मोठ्या किमतीचा, हे कंपनीप्रमाणे बदलतं, त्यामुळे मॉड्यूलवरचं चित्र बघूनच करा. बरीच मॉड्यूलं स्विचची स्थिती फक्त पॉवर चालू होताना वाचतात. चालू मॉड्यूलवर स्विच बदलला आणि काहीच फरक पडला नाही तर गोंधळू नका, पॉवर एकदा बंद-चालू करा. सॉफ्टवेअरने ॲड्रेस बदलायचा असेल तर मॉड्यूल एकटं टेबलावर जोडून बदलून घ्या.

ॲड्रेससोबत बाउड रेट (तारेवर डेटा जायचा वेग) आणि पॅरिटी (चूक ओळखायला जोडलेली खूण) हेही जुळायला हवेत. मॉडबसच्या मानकात १९२०० बाउड आणि इव्हन पॅरिटी सांगितली आहे, पण ९६०० आणि पॅरिटी नाही, अशी सेटिंग लावून येणारी मॉड्यूलंही भरपूर आहेत. तारेवर जे आधीपासून चालू आहे तेच नव्याला द्या. नव्या एकासाठी जुन्या दहांची सेटिंग बदलू नका.

पेटीत बसवणं

पॉवर बंद करा आणि बंद झाली आहे हे मल्टीमीटरने बघा. चालू असताना जोडता येतं असं कंपनीने स्पष्ट लिहिलं असेल तरच अपवाद करा. पेटीत मुख्य वीजपुरवठ्याची तार असेल तर ते काम इलेक्ट्रिशियनचं आहे, त्यात हात घालू नका.

३५ मिलिमीटरच्या डिन रेलवर, म्हणजे पेटीतल्या धातूच्या पट्टीवर, मॉड्यूल बसवताना वरची कड आधी अडकवा आणि खालून दाबा, खटका ऐकू येतो. कुशीला चिकटणारं मॉड्यूल असेल तर बाजूच्या पिना सरळ रेषेत आहेत ना ते बघूनच सरकवा. पॉवर सप्लायला लागून बसवू नका, तो तापतो आणि मॉड्यूलमध्ये थर्मोकपलचे इनपुट असतील तर त्यांचे आकडे त्या उष्णतेने बिघडतात. थर्मोकपल दोन टोकांच्या तापमानांतला फरक मोजतो आणि त्यातलं एक टोक म्हणजे मॉड्यूलचं टर्मिनलच.

बसची तार

या लेखातला सगळ्यांत किचकट भाग हाच. आरएस-४८५ची तार एका मॉड्यूलकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी साखळीने जायला हवी. मधूनच फाटा काढून लांबच्या मॉड्यूलला तार नेली तर कमी अंतरावर ती चालूनही जाते, आणि म्हणूनच लोक तसं करतात. पण लांबच्या फाट्याच्या टोकावरून सिग्नल परावर्तित होऊन मागे येतो आणि अधूनमधून चुका होऊ लागतात. कधी चालतं, कधी चालत नाही, असा दोष शोधणं फार जिकिरीचं असतं. साखळी १२०० मीटरपर्यंत नेता येते, अर्थात कमी वेगाला. एकमेकींना पीळ दिलेल्या वायरींची जोडी असलेली शिल्डची (धातूच्या आवरणाची) केबल वापरा आणि ए आणि बी एकाच जोडीतून न्या.

साखळीच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, सिग्नल असा परावर्तित होऊ नये म्हणून १२० ओहमचा टर्मिनेशन रोध लागतो. बहुतेक मॉड्यूलमध्ये तो आतच असतो आणि छोट्या स्विचने चालू होतो. नवीन मॉड्यूल साखळीच्या शेवटी जोडताय? मग कालपर्यंत जे शेवटचं होतं ते आता मधलं झालं. त्याचा रोध बंद करायचा आणि नव्याचा चालू करायचा. ही पायरी हमखास विसरली जाते. तपासायला मात्र सोपी आहे: सगळी पॉवर बंद ठेवून मल्टीमीटरने ए आणि बी यांच्यातला रोध मोजा. साधारण ६० ओहम आले तर दोन्ही रोध जागच्या जागी आहेत. १२० म्हणजे एकच लागलाय, ४० च्या आसपास म्हणजे तीन लागलेत. आतली इतर सर्किटं जोडलेली असल्यामुळे आकडा थोडा कमी दिसेल, पण ६० आणि ४० यांतला फरक ओळखू येतो.

ए आणि बी या अक्षरांवर आंधळा विश्वास ठेवू नका. मूळ मानकातली नावं आणि अनेक चिप बनवणाऱ्यांनी वापरलेली नावं एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळे एका कंपनीचा ए दुसरीचा बी असू शकतो. अधिक-उण्याची खूण छापलेली असेल तर तिच्यावर जास्त भरवसा ठेवा. उलट जोडलं तर मॉड्यूल जळत नाही, फक्त बोलत नाही. सगळं बरोबर असूनही शांतता असेल तर या दोन वायरी अदलाबदल करून बघायला हरकत नाही.

तिसरी, कॉमनची वायर नवखे लोक गाळतात. दोन वायरींवर काम चालतं हे खरं, पण दोन मॉड्यूलांचे पॉवर सप्लाय वेगळे असतील तर त्यांच्या शून्य पातळीत फरक पडू शकतो. आरएस-४८५ला हा फरक उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच सोसतो. कॉमन जोडली की दोघांची पातळी एक राहते. शिल्ड मात्र एकाच टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केली आणि दोन जागांच्या अर्थमध्ये फरक असला तर शिल्डमधूनच करंट फिरायला लागतो.

सेन्सर जोडताना

दार, गळती, धूर यांचे सेन्सर ड्राय काँटॅक्ट प्रकारचे असतात, म्हणजे नुसता स्विच. त्यात निवड असेल तेव्हा सगळं ठीक असताना सर्किट जोडलेलं ठेवणारा, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड संपर्क घ्या. वायर तुटली तरी अलार्म वाजतो. नॉर्मली ओपनमध्ये वायर तुटली तर कुणालाच कळत नाही आणि दार कायम बंद असल्याचं दिसत राहतं. या टर्मिनलांवर बाहेरून व्होल्टेज कधीही देऊ नका.

दाब, पातळी, वायू यांचे ट्रान्समीटर बहुधा ४ ते २० मिलिअँपिअरचे असतात. शून्याला ४ ठेवण्यामागे हेतू आहे. तार तुटली की करंट शून्यावर येतो, म्हणजे ‘मोजमाप शून्य आहे’ आणि ‘तारच तुटली आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. हा फायदा घ्यायचा तर सॉफ्टवेअरमध्ये ३.६ मिलिअँपिअरच्या खाली आणि २१ च्या वर सेन्सर बिघाड दाखवायला सांगा. जोडताना एकच प्रश्न विचारा: लूपला, म्हणजे हा करंट फिरतो त्या वर्तुळाला, पॉवर कोण देतंय? दोन वायरींचा ट्रान्समीटर स्वतः पॉवर देत नाही, ती मॉड्यूलने किंवा वेगळ्या सप्लायने द्यावी लागते. दोन्हीकडून पॉवर दिली तर आकडा भलताच येतो आणि इनपुट खराबही होऊ शकतो.

पीटी-१०० हा तापमान सेन्सर शून्य अंशाला १०० ओहम आणि १०० अंशाला १३८.५ ओहम असतो. म्हणजे एका अंशाला जेमतेम ०.३८५ ओहम. दोनच वायरींनी जोडला आणि वायरींचा रोध एक ओहम असला, तर आकडा अडीच अंशांहून जास्त चढा दिसतो. म्हणूनच तीन वायरींचा पीटी-१०० वापरतात. त्यातल्या सारख्या रंगाच्या दोन वायरी सेन्सरच्या एकाच टोकाला जोडलेल्या असतात. रंगाची खात्री नसेल तर मोजा: त्या दोघींमध्ये जवळपास शून्य, आणि त्यांपैकी कोणतीही एक व तिसरी यांच्यात खोलीच्या तापमानाला ११० च्या आसपास. मॉड्यूलच्या सेटिंगमध्येही तीन वायर निवडायला विसरू नका.

डीएस१८बी२० सारखे डिजिटल सेन्सर एकाच तारेवर अनेक बसतात. त्यांना जागेवर काही ॲड्रेस द्यावा लागत नाही, कारखान्यातच प्रत्येकात ६४ बिटांचा क्रमांक कोरलेला असतो. मौज अशी की सॉफ्टवेअर त्यांची यादी या क्रमांकाप्रमाणे लावतं, तुम्ही जोडलेल्या क्रमाने नाही. तेव्हा भिंतीवर ठोकण्याआधी एकेक सेन्सर मुठीत धरा, स्क्रीनवर कोणता आकडा वाढतो ते बघा आणि लगेच लेबल चिकटवा. सगळे बसवून झाल्यावर हे करायचं म्हटलं तर शिडी घेऊन फिरावं लागतं. या सेन्सरचा आकडा बरोबर ८५ अंशांवर अडकला असेल तर तो आगीचा इशारा नाही. पॉवर आल्यावर पहिलं मोजमाप होईपर्यंत त्याच्यात तोच आकडा असतो, म्हणजे पॉवर अपुरी आहे किंवा जोड ढिला आहे.

पॉवर चालू केल्यावर

आधी फक्त मॉड्यूलकडे बघा, स्क्रीनकडे नंतर. पॉवरचा दिवा स्थिर हवा. संपर्काचा दिवा मुख्य युनिटने विचारलं की लुकलुकायला हवा. येणाऱ्या सिग्नलचा दिवा लुकलुकतोय पण जाणाऱ्याचा नाही, तर प्रश्न पोचतोय पण मॉड्यूल तो आपला समजत नाही. अशा वेळी ॲड्रेस, बाउड रेट आणि पॅरिटी बघा. दोन्ही दिवे शांत असतील तर वायरिंग बघा. दोन्ही लुकलुकतात तरी स्क्रीन रिकामी असेल तर दोष बहुधा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये.

मग मुख्य युनिटच्या वेब पानावर जाऊन मॉड्यूल शोधा किंवा हाताने जोडा. कंपनी एकच असेल तर ते आपोआप दिसतं. दुसऱ्या कंपनीचं मॉडबस मॉड्यूल असेल तर रजिस्टरचे, म्हणजे मॉड्यूलमध्ये आकडा ठेवलेल्या जागांचे, नंबर स्वतः भरावे लागतात आणि तिथे दोन खड्डे आहेत. पहिला एकाच्या फरकाचा. माहितीपत्रकात ४०००१ लिहिलेलं रजिस्टर प्रत्यक्ष तारेवर ० नंबरचं असतं. काही सॉफ्टवेअर हा फरक स्वतः धरतं, काही धरत नाही. त्यामुळे शेजारच्या सेन्सरचा आकडा दिसतो आणि तो तापमानच असल्यामुळे शंकाही येत नाही. दुसरा खड्डा उणे आकड्यांचा. उणे ५.० अंश तापमान दहापट करून पाठवलं जातं तेव्हा रजिस्टरमध्ये ६५४८६ असतं. सॉफ्टवेअरला उणे-अधिक चिन्हाचा आकडा आहे असं सांगितलं नसेल तर फ्रीजरचं तापमान ६५४८.६ अंश दिसेल. हा खड्डा निदान लपून राहत नाही.

स्वतःचा आयपी ॲड्रेस असलेलं मॉड्यूल असेल तर त्याला कायमचा ॲड्रेस द्या, डीफॉल्ट पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि ते थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. मॉडबस टीसीपी, म्हणजे नेटवर्कवरून चालणारं मॉडबस, ५०२ नंबरच्या पोर्टवर चालतं आणि त्यात पासवर्ड हा प्रकारच नाही. जो कुणी पोचला तो वाचू शकतो आणि रिलेही हलवू शकतो. नेटवर्कच्या माणसाला सांगून ५०२, आणि एसएनएमपी (नेटवर्कवरून उपकरणांचे आकडे वाचायची पद्धत) वापरत असाल तर १६१ व १६२, हे पोर्ट फक्त हव्या त्या दोन उपकरणांमध्ये उघडून घ्या.

प्रत्येक सेन्सरला नाव देताना ‘सेन्सर ७’ असं ठेवू नका. ‘रॅक ३, मागची बाजू, वरचा’ असं नाव असेल तर रात्री अलार्म आल्यावर धावणाऱ्या माणसाला कुठे जायचं ते कळतं. आता तो आधी काढलेला स्क्रीनशॉट उघडा आणि जुने सेन्सर ताडून पाहा. काही सिस्टीममध्ये नवीन मॉड्यूल आल्यावर सेन्सरांचे अंतर्गत क्रमांक सरकतात. मुख्य युनिटच्या पानावर सगळं नीट दिसतं, पण एसएनएमपीने आकडे ओढणाऱ्या वरच्या डॅशबोर्डवर मात्र नावं आणि आकडे यांची फाटाफूट होते. तो डॅशबोर्डही उघडून बघाच.

खरी तपासणी

प्रत्येक सेन्सर जागेवर जाऊन हलवा. दार उघडा, गळतीच्या दोरीवर ओलं फडकं ठेवा, तापमानाचा सेन्सर हातात धरा. एक माणूस सेन्सरपाशी आणि एक स्क्रीनपाशी, फोनवर बोलत. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

आकड्याचा खरेपणा तपासायचा तर बर्फाचा बारीक चुरा आणि त्यात जेमतेम भिजेल एवढं पाणी घ्या, ढवळा आणि पाणी आत न शिरणारा सेन्सर त्यात बुडवून काही मिनिटं थांबा. शून्य अंश दिसायला हवं. डीएस१८बी२० मध्ये अर्ध्या अंशापर्यंतचा फरक कंपनीच मान्य करते, त्यापेक्षा जास्त आला तर वायरिंग आणि सेटिंग पुन्हा बघा. लगेच ऑफसेट, म्हणजे आकड्यात मिळवायचा ठरावीक फरक, भरून आकडा ‘बरोबर’ करण्याचा मोह टाळा, नाहीतर वायरिंगमधला दोष आत तसाच राहील. आर्द्रतेच्या सेन्सरसाठी साधं मीठ पाण्याने ओलं, रबडीसारखं दाट करून हवाबंद डब्यात ठेवा आणि सेन्सर वरच्या हवेत लटकवा, मिठाला लागू देऊ नका. काही तासांत आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या जवळ स्थिरावते.

अलार्मची मर्यादा लावताना वाजण्याचा आकडा आणि शांत होण्याचा आकडा वेगळे ठेवा. ३० अंशांना वाजला तर २८ ला शांत व्हावा. नाहीतर तापमान ३० च्या आगेमागे घुटमळलं की रात्रभर मेसेज येत राहतात. तापमानाला दोन-तीन मिनिटांचा विलंबही द्या, दार क्षणभर उघडलं म्हणून कुणाची झोप मोडायला नको. गळतीला मात्र असा लांबचा विलंब देऊ नका.

मेंटेनन्स मोड बंद करा आणि मर्यादा तात्पुरती खाली आणून अलार्म खरोखर वाजवा. स्क्रीन लाल झाली एवढ्यावर थांबू नका, ज्याच्या फोनवर मेसेज जायचा आहे त्याला विचारा, आला का?

यानंतरची चाचणी फार थोडे लोक करतात आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची. मॉड्यूलची बसची तार उपटा. आता स्क्रीनवर काय दिसतं? अनेक सिस्टीम शेवटचा वाचलेला आकडाच दाखवत राहतात. २४.३ अंश, हिरवा रंग, सगळं आलबेल, आणि मॉड्यूल तर मेलेलं. संपर्क तुटल्याचा वेगळा अलार्म लावावा लागतो आणि तो बहुतेक वेळा मुळात बंदच असतो. तो चालू करा, तार पुन्हा उपटून मेसेज येतोय का बघा, मगच तार परत लावा. तार लावल्यावर संपर्क जुळला असा मेसेज आला तर उत्तमच.

तार उपटलेली असताना आणखी एक गोष्ट बघून घ्या. बाकीच्या मॉड्यूलांचे आकडे मंदावले का? ९६०० बाउडला दहा रजिस्टरांची विचारपूस अंदाजे ४० ते ५० मिलिसेकंदांत उरकते. पण उत्तर न देणाऱ्या मॉड्यूलसाठी मुख्य युनिट एक सेकंद थांबत असेल आणि तीनदा विचारत असेल, तर प्रत्येक फेरीत तीन सेकंद वाया जातात. काढून टाकलेल्या जुन्या मॉड्यूलची नोंद सेटिंगमधून पुसली नाही तर हाच उशीर कायमचा मागे लागतो.

आवरताना आणि पहिला आठवडा

मेंटेनन्स मोड बंद आहे ना ते बघा, नव्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्या. पेटीच्या दाराच्या आत एक कागद लावा: मॉड्यूलचा ॲड्रेस, बाउड रेट, कोणत्या टर्मिनलला कोणता सेन्सर, टर्मिनेशन रोध कुठे चालू आहेत आणि तारीख. मर्यादांसाठी तात्पुरते बदललेले आकडे परत मूळच्या जागी आलेत का तेही बघा.

पहिला आठवडा आलेख बघत राहा. आलेखात मध्येच खिंडारं दिसली तर संपर्क तुटतोय, आणि ती ठरावीक वेळी पडत असतील तर त्या वेळी जवळपास कोणती मोटर किंवा कॉम्प्रेसर सुरू होतो ते शोधा. रेघ अगदी सपाट असेल, दशांशसुद्धा हलत नसेल, तर सेन्सर किंवा संपर्क गोठलाय असं धरून चाला, कारण खरी हवा इतकी शांत नसते. आठवडाभराने टर्मिनलचे स्क्रू एकदा पॉवर बंद करून आवळा, नव्या जोडणीतले एक-दोन ढिले निघतातच. मर्यादाही तेव्हाच सुधारा. पहिल्या दिवशी लावलेले आकडे अंदाजाचे असतात, आता त्या जागेचं दिवसरात्रीचं खरं चढउतार तुमच्या हाताशी आहे.